के-७ मध्ये नेमकं किती पाणी येतं? पाणलोटांच्या नंबरांची भानगड

ओहोळ (रविवार, रात्री १०:१२)

मंडळी, दोन संध्याकाळी वाया घालवल्यावर शेवटी धागा काढतोय. हसू नका.

कृष्णा खोऱ्याचा नकाशा करत होतो. पाणीवाटपाच्या कागदांत या खोऱ्याचे बारा तुकडे असतात, के-१ ते के-१२. तेच घेतले. के-१ वरची कृष्णा, के-२ मधली कृष्णा, के-३ घटप्रभा, के-४ मलप्रभा, के-५ वरची भीमा, के-६ खालची भीमा, के-७ खालची कृष्णा. इथवर वाटलं, वा, नंबर कसे उगमाकडून समुद्राकडे उतरत चाललेत. म्हणून नंबर वाढेल तसा निळा रंग गडद होईल अशी सोय केली आणि के-७ मध्ये वरून येणारं क्षेत्र म्हणून पहिल्या सहांची बेरीज टाकली: १,२६,५२२ चौ.किमी.

मग के-८ उघडलं. तुंगभद्रा! ती तर के-७ लाच येऊन मिळते. के-९ वेदवती, के-१० मुसी, के-११ पालेरू, के-१२ मुन्नेरू. नकाशावर सगळ्यात गडद निळी मुन्नेरू आणि समुद्राला लागतंय के-७.

तर प्रश्न असा: हे नंबर द्यायला काही नियम असतो की नाही? आणि नुसता नंबर बघून कोण कोणाच्या वर आहे ते कळेल अशी पद्धत जगात कुठे आहे का?

नकाशेबाज (रविवार, रात्री १०:४०)

हजेरीपटावर सातवा आणि आठवा शेजारी शेजारी असतात, म्हणून ते भाऊ होत नाहीत. के-१ ते के-१२ ही हजेरी आहे. कृष्णा पाणीतंटा लवादाचा १९७३ चा निवाडा वाचलात तर त्यात हीच विभागणी दिसेल. कुठल्या तुकड्यात किती वापर, कुठे किती मर्यादा हे बोलायला तुकड्यांना नाव हवं होतं, ते दिलं. आधी मुख्य नदीचा वरचा भाग, मग भीमा, मग खालची कृष्णा, मग तिला मिळणाऱ्या राहिलेल्या नद्या, असा तो क्रम लागलाय. गोदावरीचंही तेच. जी-१० ला खालची गोदावरी येते आणि इंद्रावती नि शबरी जी-११, जी-१२ म्हणून मागून.

पण तुमची खरी गफलत रंगात नाही, ती पुढे आहे. हे बाराही तुकडे पाणलोट आहेत असं तुम्ही धरून चाललाय. तसे ते नाहीत. पाणलोट कशाला म्हणायचं? एका बिंदूपाशी उभं राहा. जिथे जिथे पडलेला पाऊस वाहत त्या बिंदूशी येतो, तेवढं सगळं त्या बिंदूचं पाणलोट. बाहेरून आत थेंब येता कामा नये. या व्याख्येत के-१ बसतं, के-३, के-४, के-५, के-९ बसतात, के-१० ते १२ बसतात. के-२, के-६, के-७ आणि के-८ बसत नाहीत. ही चार म्हणजे उरलेले तुकडे. वरचं पाणी त्यांच्यात येतं आणि बाहेर पडतं. के-८ ला तुंगभद्रा म्हणतात, पण वेदवती वेगळी काढल्यावर जे राहिलं तेवढंच ते आहे.

के-७ चं स्वतःचं क्षेत्र ३६,१२५ चौ.किमी. पूर्ण खोरं २,५८,९४८. बाकी अकराही तुकडे शेवटी त्यातूनच समुद्राला जातात. म्हणजे बाहेरून येणारं क्षेत्र २,२२,८२३. तुम्ही जवळजवळ एक लाख चौ.किमी. विसरलात.

ओहोळ (रविवार, रात्री १०:५५)

एक लाख. बरं. आज झोप लागणार नाही.

मृगसरी (सोमवार, सकाळी ७:२०)

शब्दांचा घोळ सुरुवातीलाच मिटवलेला बरा. खोरं, उपखोरं, पाणलोट, सूक्ष्म पाणलोट या सगळ्या आकाराच्या पायऱ्या आहेत, जात एकच. आणि इंग्रजीतून आलेला वॉटरशेड हा शब्द तर आणखी नाठाळ. ब्रिटिश वळणाच्या जुन्या पुस्तकांत तो दोन खोऱ्यांमधल्या धारेला, म्हणजे आपल्या जलविभाजकाला वापरलेला असतो. अमेरिकी वळणात त्या धारेच्या आतल्या सगळ्या जमिनीला. जुना अहवाल वाचताना आधी हे बघायचं, नाहीतर रेषेचं क्षेत्रफळ शोधत बसाल.

आता नंबर. आपल्याकडे पायऱ्यांचा विचार करून केलेली एक पद्धत आहे, अखिल भारतीय मृद व भूमी उपयोग सर्वेक्षणाची. त्यांचा १९९० चा अॅटलास देशाला सहा जलप्रदेशांत वाटतो, त्यांची ३५ खोरी, ११२ पाणलोट क्षेत्रं, ५०० उपक्षेत्रं आणि ३,२३७ पाणलोट. कोड अंक-अक्षर-अंक-अक्षर-अंक असा आलटून पालटून येतो. ही साधी गोष्ट फार कामाची आहे. कुठलाही कोड हातात आला की त्यात किती चिन्हं आहेत ते मोजायचं, आपण कितव्या पायरीवर उभे आहोत ते कळतं. दोन चिन्हं असली तर खोरं, पाच असली तर पाणलोट. शेवटचं चिन्ह झाकलं की वरची पायरी.

पहिला अंक पाणी कुठे जातं यावरून. १ सिंधू, २ गंगा, ३ ब्रह्मपुत्रा, ४ बंगालच्या उपसागराला जाणाऱ्या बाकीच्या नद्या, ५ अरबी समुद्राला जाणाऱ्या बाकीच्या, ६ पश्चिम राजस्थानातले हंगामी प्रवाह. म्हणून महाबळेश्वरला, जिथून अरबी समुद्र हाकेच्या अंतरावर, तिथे उगम पावणारी कृष्णा ४ मध्ये आणि पार मध्य प्रदेशातून निघालेली तापी ५ मध्ये. उगम कोणी विचारत नाही. सासर विचारतात.

साधासुधा (सोमवार, सकाळी ८:०२)

"सासर विचारतात" ला +१.

मला एक बाळबोध शंका. शाळेत प्रवाहांना पहिली श्रेणी, दुसरी श्रेणी असे नंबर दिलेले आठवतात. तेच का हे?

मृगसरी (सोमवार, सकाळी ८:३१)

नाही. ती स्ट्राहलरची श्रेणी. ज्याला वरून कुणी मिळत नाही तो ओहोळ १. दोन १ भेटले की २, पण २ ला १ मिळाला तर २ च राहतो. त्याने प्रवाह किती मोठा झाला ते कळतं, ओळख पटत नाही. एका खोऱ्यात १ श्रेणीचे हजारो ओहोळ निघतील. (आपले धागाकर्तेही त्यातलेच.)

टाचणी (सोमवार, दुपारी १:१५)

अमेरिकेची पद्धतही अशीच पायऱ्यांची, फक्त सगळे अंक, दोन दोनच्या जोडीत. तिकडे तिला एचयूसी म्हणतात, हायड्रॉलॉजिक युनिट कोड. सुरुवातीला दोन अंकी २१ प्रदेश होते, त्यांचे चार अंकी २२२ उपप्रदेश, असं करत आठ अंकी तुकडे साधारण २,१५०. पुढे दहा आणि बारा अंकांपर्यंत गेलेत. बारा अंकी तुकडा १०,००० ते ४०,००० एकरांचा असावा असा दंडक आहे. म्हणजे तिथे तुकड्याचा आकार आधी ठरतो आणि नदीला त्यात बसावं लागतं.

उदाहरण घ्या, ०७०१०२०६. पहिले ०७ म्हणजे वरची मिसिसिपी. ०७०१ म्हणजे तिच्या उगमाकडचा भाग. शेवटपर्यंत गेलात की मिनिआपोलिस-सेंट पॉल या जोडशहरांभोवतीचा तुकडा. आता नकाशेबाजांची कसोटी लावा: बाहेरून थेंब येतो का? वरून अख्खी मिसिसिपी येते! मिनेसोटा नदीही याच तुकड्यात येऊन मिळते. तरी लोक बिनदिक्कत याला वॉटरशेड म्हणतात आणि तुकड्यातला पाऊस नदीच्या प्रवाहाशी जुळवायला बसतात. जुळेल कसा?

या कोडने मला एकदा चांगलंच नाचवलंय. एका कार्यालयाकडून तक्ता आला होता, नकाशाशी जोडायचा. निम्म्याच्या वर ओळी सुरळीत जोडल्या गेल्या, बाकीच्या गायब. मी नकाशाला दोष देत बसलो. कारण काय, तर कुणीतरी तक्ता एक्सेलमध्ये उघडून जतन केला होता. एक्सेलला वाटलं हा आकडा आहे, त्याने पुढचं शून्य गिळलं. ०७०१०२०६ चं ७०१०२०६ झालं. मी दोन दोन अंक तोडायला गेलो तर प्रदेश निघाला ७०! ०१ ते ०९ प्रदेशांचं हे होतं, १० पासून पुढचे सुखरूप राहतात, म्हणून चूक लवकर ध्यानातही येत नाही. बारा अंकी कोडचं तर ७.०१ई+१० असलं काहीतरी चितारून ठेवतो. तेव्हापासून माझा नियम: कोड हा मजकूर आहे. ज्याची बेरीज करून काही अर्थ निघत नाही तो आकडा नव्हे.

वाळूघड्याळ (सोमवार, रात्री ९:४८)

ओहोळ, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला कुणी पुढे आलेलं नाही. नुसता नंबर बघून वर-खाली कळेल अशी पद्धत आहे. ओट्टो फाफ्स्टेटर नावाच्या ब्राझिलच्या अभियंत्याने १९८९ मध्ये मांडली. ब्राझिलने ती सरकारी पद्धत म्हणून घेतली आणि तिथे त्या तुकड्यांना त्याच्याच नावावरून ओट्टोबासिया म्हणतात. जगभराच्या हायड्रोबेसिन्स नकाशातही हेच कोड आहेत, बारा पातळ्यांपर्यंत.

नियम एवढाच. समुद्रापासून नदीतून वर चालायला लागा. प्रत्येक संगमाशी जिचं पाणलोट मोठं तिकडे वळा. नाव बघायचं नाही. असा मुख्य प्रवाह ठरला की त्याला मिळणाऱ्यांपैकी सगळ्यात मोठ्या चार निवडा आणि मुखाकडून वर जाताना त्यांना २, ४, ६, ८ द्या. मधल्या पट्ट्यांना १, ३, ५, ७ आणि सगळ्यात वरच्याला ९. पाणी बाहेरच पडत नाही अशा बंद खोऱ्याला ०. मग प्रत्येक तुकड्यात हाच खेळ पुन्हा, पुढे एक अंक लावून.

तुमच्याच बारा तुकड्यांवर करून बघू. भीमेच्या पोटातल्या उपनद्या तूर्त बाजूला ठेवतो.

समुद्रापासून निघालो. पहिली मोठी मुन्नेरू (१०,४०९), मग पालेरू (३,२६३), मग मुसी (११,२१२), मग तुंगभद्रा, वेदवती धरून ७१,४१७. तिथे कृष्णेच्या वरच्या अंगाला सव्वा लाखाहून जास्त क्षेत्र आहे, तेव्हा सरळ पुढे. आता भीमेचा संगम. भीमा म्हणजे के-५ अधिक के-६, बेरीज ७०,६१४. कृष्णा म्हणजे के-१ ते के-४, बेरीज ५५,९०८.

भीमा मोठी. मुख्य प्रवाह भीमेत वळला. कृष्णा झाली उपनदी.

मग चार मोठ्या: मुन्नेरू २, मुसी ४, तुंगभद्रा ६, वरची कृष्णा ८. अख्खी भीमा ९. समुद्र ते मुन्नेरू १, मुन्नेरू ते मुसी ३ (पालेरू यातच गेली बिचारी), मुसी ते तुंगभद्रा ५, तुंगभद्रा ते भीमा ७.

आता गंमत बघा. समजा तुमच्याकडे दोन कोड आहेत, ७५ आणि ८४. ८४ मध्ये कुणी पाण्यात काही सोडलं तर ७५ ला पोचेल का? सुरुवातीचे सारखे अंक असतील तर खोडा, इथे नाहीत. पहिल्या कोडचे उरलेले सगळे अंक विषम हवेत आणि तो कोड दुसऱ्यापेक्षा लहान हवा. ७ विषम, ५ विषम, ७ लहान ८ पेक्षा. पोचेल. आता ६२ आणि ८४. ६ सम निघाला, म्हणजे आपण उपनदीत शिरलो. नाही पोचणार. नकाशा उघडायचीसुद्धा गरज नाही.

काठावरचा (सोमवार, रात्री १०:२०)

कृष्णाच कृष्णेची उपनदी! नरसोबाच्या वाडीला जाऊन हे कोण सांगणार?

वाळूघड्याळ (सोमवार, रात्री १०:३३)

कृष्णेचं सोडा, गंगेचं ऐका. प्रयागच्या संगमावर यमुनेचं पाणलोट गंगेच्यापेक्षा मोठं. म्हणून प्रवाह यमुनेत वळणार. वर गेलात की चंबळेचा संगम, तिथे चंबळ यमुनेहून मोठी. म्हणजे या हिशेबाने गंगेची मुख्य धार गंगोत्रीला जातच नाही, विंध्यातल्या चंबळेच्या उगमाला जाते. अमेरिकेत मिसिसिपीचंही तेच. संगमाशी मिसुरी कितीतरी मोठी भरते. नावं आधी दिली गेली, मोजणी मागून आली.

नकाशेबाज (सोमवार, रात्री ११:०५)

पद्धत देखणी आहे, वाद नाही. पण एक पाचर मारतो. "भीमेच्या उपनद्या बाजूला ठेवतो" म्हणालात ना, तिथेच सगळं आहे. त्या बाजूला ठेवता येत नाहीत, कारण भीमा आता मुख्य प्रवाह आहे आणि सीना, नीरा या थेट तिच्या उपनद्या. त्यातली एखादी मुन्नेरूपेक्षा मोठी भरली की मुन्नेरू चारांतून बाहेर. मग मुसी २, तुंगभद्रा ४, वरची कृष्णा ६. सोलापूरकडची सीना मोजताना आंध्रापर्यंतचे सगळे कोड बदलले!

आणि हे मोजमाप येतं कुठून? उंचीच्या चौकड्यांवरून, म्हणजे जमिनीचे सारखे चौकोन पाडून प्रत्येकाला एक उंची. फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळ शटलमधून केलेल्या रडार मोजणीचा, एसआरटीएमचा, त्यात मोठा वाटा आहे. जगभरासाठी बरीच वर्षं वापरली गेली ती चौकडी सुमारे ९० मीटरची. डोंगरात ठीक. सपाट मुलखात जलविभाजक दोन चौकड्या इकडे की तिकडे हे यंत्र कसं ठरवणार? नवी, बारीक मोजणी आली, रेषा हलली, क्षेत्र बदललं, जवळजवळ बरोबरीच्या दोन उपनद्यांची जागा अदलाबदल झाली आणि तुमच्या दहा वर्षांच्या नोंदी अनाथ.

के-८ मात्र तेव्हाही तुंगभद्रा होतं, आजही आहे. अडाणी नंबराचा हा एक फायदा.

मृगसरी (मंगळवार, सकाळी ७:१०)

दोघांचंही पटतं. अजून एक, कुठलाच कोड माणसाने केलेले उद्योग जाणत नाही. कोयनेचं पाणी नैसर्गिक उताराने के-१ मधलं. वीज करायला ते सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला सोडलं की वाशिष्ठीत जातं आणि अरबी समुद्र गाठतं. लवादाने त्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. कोडवरून काढलेल्या उत्तरात ते पाणी अजून बंगालच्या उपसागरालाच निघालंय.

साधासुधा (मंगळवार, सकाळी ९:२५)

एवढं रामायण करण्यापेक्षा नदीच्या नावानेच हाक का मारू नये? आम्ही तर नावानेच ओळखतो.

टाचणी (मंगळवार, सकाळी ९:५०)

कुठली पूर्णा? तापीची, गोदावरीची, की नवसारीपाशी समुद्राला मिळणारी?

कुठली मुळा? मुठेला भेटणारी की प्रवरेला?

साधासुधा (मंगळवार, सकाळी ९:५८)

शरण.

टाचणी (मंगळवार, सकाळी १०:१४)

नावं टाकायची नाहीत पण. माणसाला नाव लागतं, तक्त्याला कोड. अमेरिकेतही कोडसोबत नाव असतंच, तुकड्यातल्या ठळक प्रवाहाचं. लांब नदीचे तुकडे पडले की उगमाकडचा, वरचा, मधला, खालचा असं लावतात. आपल्याकडे ऊर्ध्व, मध्य, निम्न. राज्याच्या भूजल यंत्रणेच्या नकाशांनी मधला मार्ग काढलाय: दोन अक्षरं खोऱ्याची, पुढे आकडा. भीमेचं असेल तर बीएम, गोदावरीचं जीव्ही, पश्चिमवाहिनी असेल तर डब्ल्यूएफ. अक्षरं बघून निदान कुठल्या डोंगराच्या कुठल्या अंगाला आहोत ते कळतं. आकड्यावरून वर-खाली काढायला जाऊ नका, नाहीतर ओहोळ होईल तुमचा.

ओहोळ (मंगळवार, रात्री ८:३०)

माझं आता क्रियापद झालंय वाटतं.

मग मी करू काय? फाफ्स्टेटर लावला तर सरकारी कागदांशी जुळत नाही आणि के- नंबर ठेवले तर वर-खाली कळत नाही.

वाळूघड्याळ (मंगळवार, रात्री ८:५२)

के- नंबर ठेवा. शेजारी एक रकाना वाढवा, "खाली कोण". प्रत्येक तुकड्याचं पाणी लगेच पुढच्या कुठल्या तुकड्यात जातं तेवढंच लिहायचं. हायड्रोबेसिन्समध्ये कोड असूनही हा रकाना वेगळा दिलाय, उगाच नाही. मग कुठल्याही तुकड्याच्या वर कोण कोण ते रकान्यावरून उलटं चालत काढता येतं. नंबर काहीही असोत.

नकाशेबाज (मंगळवार, रात्री ९:०१)

सहमत. (हे रोज होत नाही.) आणि रंग देताना नंबराला देऊ नका, वरून साठत आलेल्या क्षेत्राला द्या.

ओहोळ (बुधवार, रात्री ११:३७)

केलं. बारा ओळींचा तक्ता, दहा मिनिटं लागली. दोन संध्याकाळींचं मी काय केलं देव जाणे.

के-१, के-३, के-४ यांच्या खाली के-२. के-५ खाली के-६. के-९ खाली के-८. के-२, के-६, के-८, के-१०, के-११, के-१२ या सहांच्या खाली के-७.

बेरीज २,२२,८२३ आली, नकाशेबाजांनी सांगितली तीच. गडद निळा आता जिथे हवा तिथे आहे. के-२ चा रंग बघून आश्चर्य वाटलं: स्वतःचं क्षेत्र साडेसतरा हजार, पण खालच्या टोकाशी ५५,९०८ घेऊन जातं. आणि शेजारी के-६, २४,५४८ चा तुकडा, ७०,६१४ घेऊन येतो, किंचित जास्त गडद. भीमा खरंच मोठी आहे हो.

के-७ च्या रकान्यात काय लिहावं कळेना. रिकामा ठेवला तर सॉफ्टवेअर कुरकुरत होतं.

काठावरचा (बुधवार, रात्री ११:४४)

मग?

ओहोळ (बुधवार, रात्री ११:४६)

"समुद्र" लिहिलं. चाललं.